घरातलं भांडण कुणासमोर? रशियाचा स्टुडिओ, आपली सिरियल आणि शहाद्याचं शिबिर

हा आपल्या पॉडकास्टच्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांचा डेटा संपलाय, ज्यांच्याकडे रेंज नाही किंवा जे एसटीत इअरफोनशिवाय बसलेत, त्यांच्यासाठी. बोलताना मध्ये येणारे 'अं' आणि 'म्हणजे काय ना' तेवढे काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

विषय तळोद्याच्या एका श्रोत्याने सुचवला. तो रात्री यूट्यूबवर रशियन टॉक शोचे तुकडे बघत बसतो, सबटायटल मशीनचे लावून. त्याचा मेसेज असा होता: "ताई, भाषा कळत नाही पण भांडण सगळं कळतं. हे लोक टीव्हीवर येऊन घरचं का सांगतात? आणि आपल्याकडे असं का नाही?"

दोन्ही प्रश्न भारी आहेत. दुसरा जास्त भारी आहे. पण आधी पहिला घेऊ.

रशियात या प्रकारातला सगळ्यात गाजलेला शो म्हणजे 'पुस्त गवार्यात'. अर्थ साधारण 'बोलू द्या त्यांना'. तिथल्या चॅनल वनवर तो २००५ मध्ये सुरू झाला. आंद्रेई मलाखोव हा अँकर त्यामुळे घराघरात पोचला. २०१७ मध्ये तो रोसिया-१ या दुसऱ्या वाहिनीवर गेला, तर तीही मोठी बातमी झाली. आपल्याकडे एखादा मोठा क्रिकेटपटू आयपीएलची टीम बदलतो तेव्हा जेवढी चर्चा होते ना, तेवढी.

शोची रचना सोपी. मध्ये सोफे. सोफ्यावर ज्यांचं भांडण आहे ते: सोडून गेलेला नवरा, सून-सासू, बापाने नाव लावायला नकार दिलेलं लेकरू. बाजूला 'तज्ज्ञ', त्यात एखादा वकील, एखादा मानसशास्त्रज्ञ आणि कशाशीच संबंध नसलेला एखादा नट. भोवती टाळ्या वाजवणारे प्रेक्षक. मग ऐन वेळेला पडद्यामागून ती दुसरी बाई बाहेर येते. अशाच धाटणीचे आणखी शो आहेत. 'पुरुषांचं / बायकांचं' अशा अर्थाच्या नावाचा एक २०१४ पासून आला. २०१७ मध्ये 'खरं पाहता' अशा अर्थाच्या नावाचा एक आला, त्यात तर खोटं पकडायचं मशीन आणि डीएनए टेस्ट. पाकीट फोडायच्या आधी जाहिराती. बाप कोण, ते ब्रेकनंतर.

हे सगळं वाईटच, असं मी म्हणणार नाही. 'झ्दी मेन्या', म्हणजे 'माझी वाट बघ', हा शो १९९८ पासून हरवलेली माणसं शोधून देतो. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटला. माणसं पंधरा देशांत विखुरली. कुणाची बहीण पलीकडे राहिली, कुणाचा भाऊ सैन्यात गेला तो परत आलाच नाही. पोलीस किंवा सरकारी ऑफिस जे काम करत नव्हतं ते टीव्हीने केलं. मला वाटतं पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. जिथे ऐकून घेणारं दुसरं कुणी उरत नाही, तिथे माणूस स्टुडिओत जातो.

उरलेलं निम्मं उत्तर कडू आहे. जानेवारी २०१७ मध्ये 'पुस्त गवार्यात'मध्ये उल्यानोव्स्क शहरातली एक अल्पवयीन मुलगी आली. तिच्यावर बलात्कार झाला होता आणि न्यायालयाने आरोपीला आधीच दोषी ठरवलं होतं. म्हणजे निकाल लागलेला होता. तरी स्टुडिओत परत तिचीच उलटतपासणी झाली: कुठे गेली होतीस, किती प्यायलीस? किती प्यायले हे तिने बोटांनी दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दोन बोटांचे मीम देशभर फिरले. एका बर्गर कंपनीने ती खूण जाहिरातीत वापरली. मुलीचं नाव मी घेत नाही. भारतात ते घेताही येत नाही: अशा गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हाच आपल्याकडे गुन्हा आहे, आणि मूल असेल तर पॉक्सो कायद्याची वेगळी बंदी आहे.

आता तारीख बघा. तो शो जानेवारीच्या शेवटी. आणि ७ फेब्रुवारी २०१७ ला रशियात एका कायद्यावर सही झाली. घरातली पहिल्या वेळची मारहाण, ज्यात गंभीर इजा नाही, ती फौजदारी गुन्ह्यातून काढली गेली. दंड किंवा पंधरा दिवसांपर्यंत कोठडी, विषय संपला. कौटुंबिक हिंसाचारावर वेगळा कायदा रशियात नाही. आपल्याकडे तो २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. म्हणजे ज्या देशात मार खाणाऱ्या बाईसाठी कोर्टाचं दार अरुंद झालं, त्याच देशात तिच्यासाठी स्टुडिओचं दार सताड उघडं. मला हा नुसता योगायोग वाटत नाही.

बरं, रशियात सगळं टॉक शोच आहे असंही नाही. सिरियलीही आहेत, आणि त्यातली एक मला फार आवडली. नाव 'स्वाती'. आपली स्वाती नाही हं! रशियनमध्ये 'स्वाती' म्हणजे व्याही. इंग्रजीत मुलाच्या सासू-सासऱ्यांना एका शब्दात हाक मारता येते का बघा, नाही येत. रशियनमध्ये येते, मराठीत येते. २००८ मध्ये आलेली ही मालिका युक्रेनमधल्या 'क्वार्तल ९५' या कंपनीने रशियन भाषेत बनवली आणि ती दोन्ही देशांत तुफान चालली. एक व्याही शहरातले शिकलेले, दुसरे खेड्यातले, आणि मध्ये एक नात, जी दोघांनाही आपल्याकडे हवी. एवढीच गोष्ट. त्या कंपनीचा एक सर्वेसर्वा होता वोलोदिमिर झेलेन्स्की. हो, तोच. व्याह्यांचं भांडण दाखवता दाखवता माणूस कुठल्या भांडणात जाऊन पडला बघा.

आता हा प्रकार जन्मला कुठे? रशियाला फॅमिली सिरियलचं वेड लागलं ते मेक्सिकोमुळे. 'श्रीमंतही रडतात' अशा नावाची १९७९ ची मेक्सिकन मालिका तिकडे १९९१-९२ मध्ये लागली, नेमकी देश फुटत असताना. दुकानात पाव नाही, पगाराला किंमत नाही, आणि लोक रोज टीव्हीपुढे बसून मेक्सिकोच्या एका पोरीसाठी रडतायत. तिची नायिका वेरोनिका कास्त्रो १९९२ मध्ये मॉस्कोला आली, तर तिला बघायला झुंबड उडाली.

आणि गंमत म्हणजे आपली फॅमिली सिरियलही मेक्सिकोहूनच आली. तीसुद्धा एका मराठी माणसामुळे. वर्ध्याचे खासदार वसंत साठे तेव्हा केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. १९८२ मध्ये ते मेक्सिकोला गेले. तिथे मिगेल साबिदो नावाच्या माणसाने एक युक्ति यशस्वी केली होती: मालिका रडकीच ठेवायची, पण तिच्या पोटात एक काम लपवायचं. १९७५ च्या त्याच्या 'वेन कोनमिगो'मध्ये ते काम होतं प्रौढ साक्षरता. साठ्यांनी ती कल्पना इकडे आणली, मनोहर श्याम जोशींनी लिहिलं, आणि ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झालं. आपल्या पोटातलं काम होतं कुटुंबनियोजन. सुरुवातीला उपदेशाचा डोस एवढा होता की लोक कंटाळले. मग डोस कमी केला, भांडणं वाढवली, आणि सिरियल उचलली. शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे. दूरदर्शनकडे लाखोंनी पत्रं आली. बडकीने कुणाशी लग्न करावं हे लोक पोस्टकार्डावर लिहून कळवत होते. आजच्या कमेंट सेक्शनची आजीच ती.

मराठीत डेली सोपचं युग खऱ्या अर्थाने आलं १९९९ मध्ये, अल्फा मराठीवरच्या 'आभाळमाया'ने. सुकन्या कुलकर्णींची प्राध्यापक सुधा, आणि तिच्या नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. मग ईटीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झालं ते २०१३ पर्यंत, तीन हजारांहून जास्त भाग. मी पहिलीत होते तेव्हापासून ते बारावीपर्यंत तीच सासू! मग 'माझ्या नवऱ्याची बायको', २०१६ ते २०२१. त्यातली राधिका नागपूरकडची बोली बोलायची, मसाल्यांचा धंदा उभा करायची. बोली म्हणून तिचं मला फार कौतुक वाटलं होतं. आणि मग 'आई कुठे काय करते', डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४.

हिच्यावर जरा थांबते, कारण इथे माझ्यातली इंजिनिअर जागी होते. ही गोष्ट मुळात बंगाली. 'श्रीमोयी', २०१९, लेखिका लीना गंगोपाध्याय. सहा महिन्यांत ती मराठीत 'अरुंधती' झाली, २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा' झाली, आणि तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळममध्येही गेली. आमच्या भाषेत याला फोर्क म्हणतात. रेपो एकच, प्रत्येकाने आपली ब्रँच काढली. साडीची नेसण बदलली, सणवार बदलले, पोळीची लुची किंवा डोसा झाला. पण गाभ्यातलं लॉजिक तेच: पंचवीस वर्षं घर सांभाळलेली बाई, नवऱ्याचं ऑफिसातल्या बाईशी प्रकरण, घटस्फोट, मग बाईचं स्वतःच्या पायावर उभं राहणं.

मी याला नावं ठेवत नाहीये. आमच्याकडे शहाद्यात संध्याकाळी साडेसातला त्या सिरियलसाठी शेजारच्या काकू यायच्या. अरुंधतीने घटस्फोट घेतला तेव्हा आमच्या ओट्यावर ज्या गप्पा झाल्या, त्या मी त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या. 'घटस्फोट' हा शब्दच त्या घरात मोठ्याने उच्चारला जात नव्हता. अरुंधतीच्या निमित्ताने बायका स्वतःबद्दल बोलत होत्या, आणि कुणी विचारलंच तर "आम्ही सिरियलचं बोलतोय" म्हणून सुटत होत्या. ही फार मोठी सोय आहे, मंडळी. खोट्या माणसाच्या आडून खरं बोलता येतं.

म्हणूनच श्रोत्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: आपल्याकडे ती कामं वाटून घेतलीत. दुःख काल्पनिक कुटुंबाने करायचं, आणि खऱ्या कुटुंबाने टीव्हीवर येऊन हसायचं. आदेश भाऊजींचं 'होम मिनिस्टर' २००४ पासून बघा. खरं घर, खरी सासू, खरी सून. पण तिथे काय होतं? उखाणा, खेळ, पैठणी. सासू-सुनेचं बिनसलं असेल तरी त्या अर्ध्या तासात नाही. रशियात नेमकं उलटं, खरी माणसं स्टुडिओत येऊन रडतात. हिंदीत तसे प्रयोग झाले: किरण बेदींची 'आप की कचहरी', २००९ चं 'सच का सामना'. २०१२ च्या 'सत्यमेव जयते'त खरी माणसं खरं बोलली, आणि तिथे निदान त्यांच्यावर कुणी ओरडत नव्हतं. मराठीत मात्र हा प्रकार रुजला नाही. 'चारचौघांत घरचं काढू नये' हा आपला जुना नियम. पैठणीच्या अर्ध्या तासात तो अगदी नीट पाळला जायचा.

मग प्रॉब्लेम कुठे आहे? प्रॉब्लेम त्या घरात आहे, जे सिरियल आपलं म्हणून दाखवते.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास लोक, आणि त्यातले सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातीचे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. बोली भिलोरी, पावरी, मावची, देहवाली, शिवाय आमची अहिराणी आणि गुजरी. यातली एकही बोली साडेसातच्या सिरियलमध्ये नाही. माझी आजी सिरियलमधला दोन मजली जिना आणि झोपतानाचे दागिने बघून एकच म्हणायची: "हाई काय शे?" पण बोली आणि दागिने सोडा, ते चालतं. मला त्याहून मोठी गोष्ट सांगायचीय.

सिरियलमध्ये बाप हुंड्याच्या काळजीने खचतो. आपल्या डोंगरातल्या कितीतरी घरांत पैसे उलट्या दिशेने जातात. देज म्हणा, दापा म्हणा, मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. ऐकायला हे हुंड्यापेक्षा बरं वाटतं, आणि काही बाबतीत ते आहेही. पण मग मुलीला सासरी राहायचं नसेल तर प्रश्न येतो: दापा परत कोण करणार? बाप ते पैसे खर्चून बसलेला असतो. मुलगी परत आली की घरात जे भांडण होतं, त्याला सिरियलमध्ये सीनच नाही.

सिरियलमध्ये दिवाळीला सगळं कुटुंब एकत्र येतं, कॅमेरा गोल फिरतो. आपल्याकडे कितीतरी घरं दिवाळीनंतर रिकामी होतात. ऊसतोडीला, गुजरातला, दक्षिणेकडच्या कारखान्यांवर. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. बायकोशिवाय कोयता पूर्ण होत नाही. आता सांगा, मारणाऱ्या नवऱ्याला सोडायचं ठरवलेल्या बाईला त्या उचलीचं काय करायचं? अरुंधतीपुढे हा प्रश्न कधी आला नाही. तिच्यापुढे गाण्याचं करिअर होतं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे कायदा. सिरियलमध्ये घटस्फोट म्हणजे टेबलावर फेकलेले कागद, सही, संगीत. तसं तर कुणाच्याच बाबतीत होत नाही. हिंदू विवाह कायद्यात संमतीच्या घटस्फोटालाही आधी वर्षभर वेगळं राहणं लागतं, मग अर्ज, मग साधारण सहा महिने थांबून पुन्हा कोर्टात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे सहा महिने योग्य वाटल्यास न्यायालय माफ करू शकतं. पण इथे खरा धक्का पुढे आहे. १९५५ च्या त्याच कायद्यात कलम २, पोटकलम २ मध्ये लिहिलंय की हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढली तरच लागू. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही तसंच कलम आहे. म्हणजे सिरियलमधला तो वकील जे जे बोलतो, 'समान हिस्सा', 'दुसरं लग्न बेकायदा', त्यातलं बरंचसं आपल्या जिल्ह्यातल्या बहुसंख्य घरांना थेट लागूच होत नाही. तिथे चालते ती रूढी. पंच बसतात. आपला 'काडीमोड' हा शब्द त्याच जगातला, चारचौघांसमोर काडी मोडली की नातं मोडलं.

रूढीत सोय आहे: कोर्टाच्या तारखा नाहीत, वकिलाची फी नाही, बाई पुन्हा लग्न करू शकते. पण पंच सहसा सगळे पुरुष. आणि रूढी कागदावर नसते, हा खरा धोका. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका आदिवासी जोडप्याचं प्रकरण आलं. बायकोची तक्रार होती की नवऱ्याने दुसरं लग्न केलं. न्यायालय म्हणालं, तुम्हाला हिंदू विवाह कायदा लागू नाही. तुमच्या जमातीच्या रूढीत दुसरं लग्न बाद ठरतं हे तुम्ही दाखवून द्या. तिला ते सिद्ध करता आलं नाही. ती हरली. 'माझ्या नवऱ्याची बायको' साडेचार वर्षं चालली, पण या बाईची केस त्यात कधी आली नसती.

आता हे सगळं मी आत्ताच का बोलतेय ते सांगते. मागच्या महिन्यात मला एक व्हॉइस नोट आली. अकरा मिनिटांची, अर्धी मराठी, अर्धी तिच्या बोलीत. कुठल्या गावची, कुठल्या तालुक्यातली, काही सांगणार नाही. तिची इच्छा होती की ती जशीच्या तशी एपिसोडमध्ये लावावी, नावासकट. ती म्हणाली, "सगळ्यांना कळू दे."

मी ती चार वेळा ऐकली. प्रॉडक्टच्या भाषेत बोलायचं तर तो आमचा सगळ्यात जास्त चाललेला भाग झाला असता, यात मला शंका नाही. रील कापली असती, तीस सेकंदांची, जिथे तिचा आवाज तुटतो तिथली. आणि मग? पाच हजार अनोळखी लोकांनी ठरवलं असतं की चूक तिची की नवऱ्याची. त्यातल्या दोघांनी तिचा नंबर शोधला असता. गाव छोटं असतं, आवाज ओळखू येतो. त्या उल्यानोव्स्कच्या मुलीला मॉस्कोला जावं लागलं होतं, हिला तर फक्त माझ्या व्हॉट्सॲपपर्यंत यायचं होतं. मी लावली नाही. तिच्याशी तासभर फोनवर बोलले, ती आधी माझ्यावर चिडली. "मग सांगायचं कुणाला?" हा तिचा प्रश्न होता. आणि तो बरोबर होता.

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच शहाद्यात, पन्नास वर्षांपूर्वी सापडलेलं आहे. आमच्या पिढीतल्या बहुतेकांना ते माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर.

१९७० च्या दशकाची सुरुवात. दुष्काळाची वर्षं. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात. भिल्ल शेतमजुरांच्या जमिनी सावकार आणि बड्या शेतकऱ्यांकडे गेलेल्या, मजुरी नगण्य. अंबरसिंग सुरतवंती यांच्यामागे लोक उभे राहिले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. मुद्दे होते जमीन, मजुरी, रोजगार हमीची कामं. बायका मोर्चात पुढे होत्या, घोषणा देण्यात पुढे होत्या. मग बायकांची वेगळी शिबिरं घेतली गेली. तिथे विषय मजुरीचा ठेवला होता, पण बायका बोलायला लागल्या त्या घरावर. नवरा पितो. पिऊन मारतो. मजुरी गुत्त्यावर जाते.

लक्षात घ्या, हा टॉक शोच होता. खरी बाई उभी राहून सगळ्यांसमोर घरचं सांगतेय. पण भोवती जे बसले होते ते प्रेक्षक नव्हते. जी ऐकत होती तिच्याही पाठीवर वळ होते. आणि एकीचं सांगून झाल्यावर जाहिरातींचा ब्रेक झाला नाही. बायका उठल्या आणि गुत्त्यावर गेल्या, दारूची मडकी फोडली. मग हे गावोगाव पसरलं. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला सगळ्या मिळून गाठायच्या आणि गावासमोर तिची माफी मागायला लावायच्या. गेल ऑम्वेट आणि मारिया मीस यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या काळी या चळवळीवर लिहून ठेवलंय, महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीच्या इतिहासात शहाद्याचं नाव येतं. आपल्याच बसस्टँडपासून काही किलोमीटरवर झालेलं हे सगळं मला बीटेकच्या तिसऱ्या वर्षी, पुण्यात, लायब्ररीत कळलं.

याच चळवळीत वाढलेले कवी वाहरू सोनवणे. त्यांच्या 'गोधड' या संग्रहाचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. त्यांची 'स्टेज' नावाची कविता याच गोष्टीबद्दल आहे: आदिवासींचं दुःख माईकवरून कोण सांगतं आणि खाली कोण बसतं. मी ती इथे वाचून दाखवत नाही, शोधून वाचा. माईक हातात घेण्याआधी मी ती अधूनमधून वाचते.

शिबिर परिपूर्ण होतं असं नाही. गावासमोर माफी मागायला लावलेला माणूस घरी जाऊन काय करतो, हा प्रश्न तेव्हाही असणारच. आणि आज गावात तेवढ्या बायका दिवाळीनंतर असतात तरी कुठे? म्हणून त्या मुलीला मी जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते, कारण ऑडिओमध्ये नंबर निसटतात.

१८१ ही महिलांची हेल्पलाइन. १०९८ मुलांसाठी, यात बालविवाहही आला. दोन्हीकडे फोन फुकट. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा सगळ्यांना लागू आहे, आदिवासी, बिगर-आदिवासी, कुणीही. लग्न लागल्याचा पुरावा नसला, नुसते नवरा-बायकोसारखे एकत्र राहत असले तरी तो लागू होतो. पळून जाऊन, विधी न करता संसार मांडलेल्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवा. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत नेणं हे त्यांचं कामच आहे. राहत्या घरातून हाकलू नये असा आदेश त्यात मिळू शकतो. खर्चासाठीचं जुनं कलम १२५, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, तेही जात-जमात बघत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाई असणं किंवा अनुसूचित जमातीचं असणं, यातलं एक पुरेसं आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यांची हेल्पलाइन १५१००.

आणि पंचांसमोर काडीमोड होणार असेल तर ती कागदावर घ्या. तारीख, गाव, दोन्हीकडची माणसं, दापा किती होता आणि किती परत ठरला, लेकरं कुणाकडे, पंचांच्या सह्या किंवा अंगठे. साध्या वहीचं पान चालेल. मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढा आणि तो विश्वासातल्या आणखी दोन माणसांना पाठवून ठेवा. २००१ च्या त्या केसमध्ये बाईकडे रूढी सिद्ध करायला काहीच नव्हतं.

त्या मुलीला मी विचारून ठेवलंय, तिच्या बोलीत भाषांतर करून देशील का म्हणून, फक्त या शेवटच्या दोन परिच्छेदांचं. आवाज दुसऱ्या कुणाचा तरी लावू. ती म्हणाली, बघते. आलं की त्याची ऑडिओ फाइल इथेच खाली टाकेन, डाउनलोड करून पुढे पाठवता येईल अशी, दोन एमबीच्या आत.